मनोऱ्यातील बिऱ्हाड

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी मला पाचारण करताना चिटणीसांनी ‘काहीतरी उद्बोधक’ बोलावे अशी सूचना केली. ज्ञातिसंमेलनात शील, शिक्षण आणि विवाहातील अनाठायी खर्च हे तीन विषय उद्बोधक समजले जातात, आणि त्या तिन्हींवर आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज विटा, लोखंड, पाणी आणि पैसा यांविषयी बोलणार आहे. आपल्या गृहरचना संस्थेच्या तीन मजली इमारतीच्या जागी तेवीस मजल्यांचा मनोरा, ज्यास आपण सारे टॉवर म्हणतो, तो उभारण्याचा प्रस्ताव आला आहे. त्या इमारतीत आपली ३६ कुटुंबे राहतात, त्यांतलाच मी एक. जे तेथे राहत नाहीत त्यांच्यापैकीही अनेकांच्या दारी, गिरगावात, दादरला, लालबागेत, हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. तेव्हा हा विषय ३६ घरांपुरता आहे असे कोणी समजू नये.

ज्ञाती आणि घर यांचा संबंध मुंबई शहरात जुना आहे. १८९६ साली प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि शहराची नवी आखणी सुरू झाली. गावाकडून आलेल्या कारकुनांना व शिक्षकांना परवडेल असे घर मात्र कोणी बांधीत नव्हते. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी करून दिली आणि लगेच १९१५ साली गामदेवी येथे सारस्वत सहकारी गृहरचना संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी. याच गृहस्थांनी १९०६ साली शामराव विठ्ठल सहकारी बँकेचा पाया घातला होता. आधी पतपेढी आणि मग घर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम पैसा एकत्र ठेवण्याची सवय लागली, आणि त्या सवयीवर पुढे भिंती उभ्या राहिल्या. गामदेवीच्या योजनेत जागेचा व इमारतीचा ताबा संस्थेकडे होता आणि सभासद एकाच वेळी भागधारक व भाडेकरू होता. ती ज्ञाती आपली नव्हे. परंतु आपल्या वडीलधाऱ्यांनी जी संस्था उभारली ती याच नमुन्यावर, हे तिच्या पहिल्या इतिवृत्ताच्या वहीवरून दिसते.

आता इमारत उंच का होते ते पाहू. पोलादी सळ्यांचे काँक्रीट आणि विजेवर चालणारे उद्वाहन, म्हणजे आपली लिफ्ट, या दोन साधनांनी उंची शक्य झाली. मुंबईत ज्या उंच इमारतीचे नाव वास्तुशिल्पाचे विद्यार्थी आजही घेतात ती कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’. चार्ल्स कोरिया यांनी तिचा आराखडा केला आणि १९८३ मध्ये ती पूर्ण झाली. पाया २१ मीटर लांब व तितकाच रुंद, उंची ८४ मीटर, मजले २८. एवढ्या इमारतीत घरे किती? तर अवघी ३२. मुंबईत समुद्राचे वारे आणि दृश्य पश्चिमेला मिळते, परंतु दुपारचे ऊन आणि पावसाचा मारादेखील तिकडूनच येतो. जुन्या बंगल्याला भोवती पडवी असे ती याच कारणाने. कोरियांनी ती पडवी उचलून दोन-दोन मजले उंचीच्या गच्चीच्या रूपाने आकाशात नेली. असे घर श्रीमंताचेच असणार, हे उघड आहे.

आपला मनोरा निराळ्या कारणाने उंच होणार आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याच्या प्रमाणाला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. पुनर्विकासाच्या योजनांत सरकार ते प्रमाण वाढवून देते. विकासक, आपल्या भाषेत बिल्डर, जुन्या रहिवाशांना विनामूल्य घर देतो. त्या घरांचा खर्च, बांधकामाच्या काळातील भाडे, सरकारजमा करावयाचे अधिमूल्य, कर्जावरील व्याज आणि स्वतःचा नफा एवढे सारे तो वरच्या मजल्यांच्या विक्रीतून काढतो. ही बेरीज ज्या मजल्यावर जुळते तेथे इमारत थांबते. तेवीस हा आकडा कोणा शिल्पकाराच्या कल्पनेतून आला नाही, तो या त्रैराशिकातून आला आहे. आपल्याला ‘फुकट’ म्हणून जे सांगितले जाते ते आपल्याच जमिनीच्या मोबदल्यात मिळत असते. म्हणून विकासकापुढे उपकृत होऊन बसण्याचे कारण नाही.

उंच घरे केवळ धनिकांची हा समज आता राहिलेला नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे ब्रिटिश अमदानीत १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली. त्या खोल्यांत गिरणी कामगारांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. त्यांपैकी वरळीच्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी चाळीस मजली इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या आजीने जन्मभर सामाईक नळावर पाणी भरले, तिच्या घरात आता स्वतःचे स्नानगृह आहे. मनोऱ्याला नाके मुरडणाऱ्या, स्वतः प्रशस्त घरात राहणाऱ्या विद्वानांनी त्या आजीला जाऊन विचारावे. मी मनोऱ्याच्या विरुद्ध नाही, हे येथेच स्पष्ट करतो. आपल्या इमारतीच्या सज्ज्यांतून सळ्या बाहेर आल्या आहेत आणि दर पावसाळ्यात टेकू लावावे लागतात. अशा स्थितीत ती तशीच राहू द्यावी असे म्हणणारा मनुष्य इतरांच्या जिवाशी खेळतो.

धोके मात्र माहीत असावेत. गोरेगावच्या पत्राचाळीतील ६७२ कुटुंबांचा करार २००८ साली झाला. घरे रिकामी केली गेली, विक्रीचे हक्क पुढे-पुढे गेले, भाडे बंद पडले आणि माणसे दहा वर्षांहून अधिक काळ परक्याच्या छपराखाली राहिली. अखेरीस म्हाडाला ते काम स्वतःकडे घ्यावे लागले. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात परवानगी पाच मजल्यांची होती आणि इमारती त्यापेक्षा कितीतरी वर चढविल्या गेल्या. भोगवटा प्रमाणपत्र नसताना लोक तेथे वर्षानुवर्षे राहिले आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरविले. या दोन्ही गोष्टी आपल्यापैकी सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचल्या आहेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. भाड्यासाठी बँकेची हमी, मंजूर नकाशाची प्रत आणि भोगवटा प्रमाणपत्रावाचून ताबा न घेण्याचे कलम, एवढे करारात असावे. आपल्या वकिलांनी ते घातले आहे.

माझा मुख्य मुद्दा ताबा मिळाल्यानंतरचा आहे. त्याविषयी सभेत कोणी अवाक्षर काढीत नाही. सर्वांचे लक्ष चौरस फुटांवर असते. ‘त्यांना ५२० मिळाले, आपल्याला ५४० मिळतात’ या आनंदात आपण आहोत. वास्तविक मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. त्या वरच्या ४० फुटांची किंमत आपण दरवर्षी भरणार आहोत, हे कितीजणांच्या ध्यानात आले? पण तेही असो. मोठा खर्च दुसराच आहे.

आज आपल्या इमारतीत दरमहा आठशे रुपये वर्गणी आहे. जिना झाडणारा एक मनुष्य, एक पंप, चार दिवे, संपले. तेवीस मजल्यांच्या इमारतीत काय लागते? पुष्कळांना वाटते की पाणी वर चढविण्यास भयंकर वीज लागत असेल. मी आकडेमोड करून पाहिली. एक हजार लिटर पाणी ७० मीटर उंच नेण्यास पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने पाव युनिटाहूनही कमी वीज लागते. पंपाची झीज व घर्षण धरून दुप्पट माना, तरी अर्धे युनिट होत नाही. एका कुटुंबाचे दिवसाचे पाणी सुमारे सहाशे लिटर धरले तर ही रक्कम किरकोळ आहे. खर्च पाण्याचा नाही. तो यंत्रांच्या देखभालीचा आणि माणसांच्या पगाराचा आहे. तीन पाळ्यांतील पहारेकरी, उद्वाहनांचा वार्षिक देखभाल-करार, वीज गेल्यावर चालणारे जनित्र, गाड्या वर-खाली करणारी यंत्रे, सांडपाणी शुद्ध करण्याची टाकी, आणि अग्निशमनाची सर्व व्यवस्था. यांतले एकही ऐच्छिक नाही.

अग्निशमनाविषयी थोडे अधिक बोलतो, कारण हाच खर्च वाचवावा असे प्रत्येक कार्यकारिणीला वाटते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार ही यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावे लागते. मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी ९० मीटरपर्यंत पोहोचते, हे खरे. परंतु आवारात गाड्या अस्ताव्यस्त उभ्या असल्या तर ती शिडी आत येणार कशी? २२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडच्या साठ मजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली आणि तेथून पडून एक पहारेकरी मृत्युमुखी पडला. उंच इमारतीत आग विझवावयाची ती मुख्यतः इमारतीतल्याच नळांनी आणि इमारतीतल्याच टाकीतील पाण्याने. ते नळ कोरडे असले तर खालून पाहण्याखेरीज काही उरत नाही.

आता बेरीज करू. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींनुसार प्रत्येक घराच्या बांधकाम-खर्चावर दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड, ज्यास निक्षेप निधी म्हणतात, तो काढावयाचा असतो. दोन्ही मिळून एक टक्का. एका घराचा बांधकाम-खर्च तीस लाख धरा. त्याचा एक टक्का तीस हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार. अजून पहारेकऱ्याला एक पैसा दिलेला नाही. हा निधी काढला नाही तर वीस-पंचवीस वर्षांनी उद्वाहने बदलण्याच्या वेळी प्रत्येक घराकडे एकरकमी लाखांची मागणी येते. मी अशा चार इमारतींतील ओळखीच्या कुटुंबांची मासिक बिले मागून पाहिली. सहा हजारांच्या आत एकही नव्हते, आणि त्यांपैकी दोन ठिकाणी निक्षेप निधी काढलाच जात नव्हता.

दुसरी गोष्ट. पहारा, झाडलोट, कार्यालय या सेवांचा खर्च उपविधींप्रमाणे सर्व घरांवर सारखा वाटला जातो आणि उद्वाहनाचा खर्चही सर्वांवर सारखाच, मग कोणी पहिल्या मजल्यावर राहून आयुष्यात एकदाही त्यात पाऊल न ठेवो. नव्या इमारतीत आपली ३६ घरे आणि विक्रीची ८०. ही ८० घरे ज्यांनी कोट्यवधी रुपये देऊन घेतली त्यांना दिवाणखान्यासारखे प्रवेशद्वार हवे असेल, पोहण्याचा तलाव हवा असेल. त्यांत त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. पण मत एका घराला एक आहे, आणि ८० हा आकडा ३६ पेक्षा मोठा आहे.

आपल्या ३६ कुटुंबांपैकी अकरा कुटुंबे केवळ निवृत्तिवेतनावर किंवा कुटुंब-निवृत्तिवेतनावर चालतात. त्यांतल्या कोणाचेही नाव मी घेणार नाही. आठशेच्या जागी सात हजार त्यांनी कोठून आणावे? दोन वर्षे ते भरतील, तिसऱ्या वर्षी थकबाकी होईल, चौथ्या वर्षी ‘एवढ्या किमतीचे घर अडवून का बसायचे’ असे मुलेच म्हणू लागतील, आणि घर विकून बिऱ्हाड बदलापूरला किंवा विरारच्या पलीकडे जाईल. जाणाऱ्याला पैसे मिळतात, त्याचे नुकसान झाले असे कागदावर दिसत नाही. परंतु ज्या शेजारासाठी वडिलांनी संस्था काढली तो शेजार दहा वर्षांत नाहीसा होतो. बाळंतपणाला धावून जाणाऱ्या काकू, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासासाठी उघडी राहणारी तळमजल्याची खोली, गच्चीवरचे वाळवण, ही काही मालमत्ता-पत्रकात नोंदलेली नसतात.

यावर उपाय आपल्या हातात आहे आणि तो याच करारात आहे. विकासक प्रत्येक सभासदाला दहा लाख रुपये ‘कॉर्पस’ म्हणून देऊ करीत आहे. प्रस्ताव असा आहे की ही रक्कम ज्याच्या-त्याच्या खात्यात जमा व्हावी. माझे म्हणणे असे की ती मुळीच वाटू नये. ३६ सभासदांचे ३ कोटी ६० लाख रुपये संस्थेच्या नावे, सहकारी वा राष्ट्रीयीकृत बँकेत, मुदत ठेवीत राहावेत. साडेसहा टक्के व्याज धरले तर वर्षाला २३ लाख ४० हजार होतात, म्हणजे घरटी दरमहा सुमारे ५,४०० रुपये. महागाई वाढते म्हणून यातील चौथा हिस्सा मुद्दलात परत घालावा. उरलेले चार हजार प्रत्येक घराच्या बिलातून वजा व्हावेत. मग सात हजारांचे बिल तीन हजारांवर येते. तीन हजार भरणे अवघड आहे, अशक्य नाही.

याला विरोध होणार हे मला ठाऊक आहे. कोणाला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत, कोणाला नव्या घरात लाकडी कपाटे करावयाची आहेत. एका तरुण सभासदाने मला विचारले की माझे पैसे मी अधिक व्याजाने गुंतवीन, संस्थेला काय अधिकार? प्रश्न रास्त आहे. कायद्याने त्याच्यावर सक्ती करता येईल असे मला वाटत नाही. म्हणूनच करारावर सह्या होण्यापूर्वी, सर्वांच्या संमतीने, ही रक्कम आरंभापासून संस्थेला देय आहे असे लिहून घेतले पाहिजे. एकदा ती खात्यात पडली की परत गोळा होणार नाही. आणि जो सभासद आपले घर विकून जाईल त्याचा हिस्सा त्याच्याबरोबर जाणार की घराबरोबर राहणार? माझ्या मते घराबरोबर राहावा. त्यामुळे घराची किंमत वाढेलच, कमी होणार नाही.

आणखी एक सूचना पुढे आली आहे. आपल्या ३६ घरांची स्वतंत्र बाजू असावी, तिचा जिना, उद्वाहन आणि हिशेब निराळा, म्हणजे तलावाचा खर्च आपल्यावर येणार नाही. मला ती पटते, परंतु एका अटीवर. स्वतंत्र बाजू म्हणजे मागची, दोन भिंतींमध्ये कोंबलेली बाजू असा अर्थ होता कामा नये. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर सोडले गेले. तेथील क्षयरोगाचा संबंध खोल्यांतील ऊन-वाऱ्याच्या अभावाशी असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविले गेले. नकाशा पाहताना आपण खोलीची लांबी-रुंदी पाहतो. खिडकीसमोर किती मोकळी जागा आहे ती कोणी मोजीत नाही. मी आपल्या नकाशावर पट्टी धरून मोजली. पूर्वेकडील सहा घरांबाबत मला समाधान वाटत नाही, आणि तसे लेखी कळविले आहे.

काही जणांनी ‘कॉन्डोमिनियम’ हा शब्द ऐकला आहे. मूळ लॅटिन, अर्थ सामाईक स्वामित्व. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यात अशी व्यवस्था आहे की प्रत्येक घराचा मालक स्वतंत्र, आणि जमिनीत त्याचा अविभक्त हिस्सा. सहकारी संस्थेत जमीन व इमारत संस्थेची असते आणि सभासदाकडे भाग व वहिवाटीचा हक्क. नव्या खरेदीदारांसाठी विकासक कोणतीही रचना सुचवो, आपली जमीन आपल्या संस्थेच्या नावावरून हलू नये. आपले अभिहस्तांतरण वडीलधाऱ्यांनी वेळीच करून ठेवले आहे, हे आपले भाग्य. ज्यांचे झालेले नाही त्यांनी २००८ च्या दुरुस्तीनंतर उपलब्ध झालेल्या मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज आधी करावा, आणि मगच विकासकाला चहाला बोलवावे.

२०१९ च्या सुधारित निर्देशांनुसार पुनर्विकासाच्या निर्णयाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. आपल्या ३६ मध्ये म्हणजे १९. एकोणीस सह्या एका संध्याकाळी गोळा होऊ शकतात, आणि ज्या अकरा घरांविषयी मी बोललो त्यांतली एकही सही त्यांत नसू शकते. म्हणून विशेष सभेच्या नोटिशीत कॉर्पसचा विषय स्वतंत्र ठराव म्हणून, पुनर्विकासाच्या ठरावाच्या आधी घ्यावा, अशी विनंती मी सात सभासदांच्या सह्यांनिशी चिटणीसांकडे दिली आहे. कराराचा मसुदा इंग्रजीत ९४ पृष्ठांचा आहे. त्याची एक प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवली आहे. सभेपर्यंतच्या प्रत्येक रविवारी सकाळी नऊ ते बारा मी तेथे बसेन, आणि ज्यांना हवे त्यांना एकेक कलम मराठीत वाचून दाखवीन. येताना आपले चालू महिन्याचे बिल बरोबर आणावे.